पूजेतली काठी

ग्यानोबा दिवसातनं दहा वेळा आपली बोटं मोजायचा. हे खूळ त्याला महिनाभरापूर्वी लागलं, म्हणजे नांदेडच्या सरकारी आयटीआयचं पत्र आलं त्या दिवसापासनं. सुतारकाम शिकवणाऱ्या निदेशकाची जागा होती. तोंडी परीक्षा पास झाली होती. आता फक्त शुक्रवारी मोठ्या डॉक्टरासमोर उभं राहायचं, मेडिकल झाली की हुकूम हातात. पण भोकरकडच्या एका उमेदवाराला अर्ध्या बोटापायी माघारी धाडलं, अशी बातमी कुणीतरी एसटी स्टँडवर दिली, आणि ह्या गड्याची झोप उडाली ती उडालीच.

"आजून दहाच हायत का?" त्याची बायको पंचशीला भाकरी थापता थापता विचारायची. "का रातीतनं अकरावं फुटलं?"

"हास तू. एक जरी गेलं ना, तर जलमभर दुसऱ्याच्या दारात चक्री फिरवीत बसावं लागंल."

मग तीही खाली मान घालून तव्यावरची भाकरी उलटायची. लोह्याजवळचं गाव सोडून दोघं लातूरला आली होती ती काही हौसेनं नव्हे.

दुसऱ्याचं दार म्हणजे व्यंकटरावचा कारखाना. कारखाना कसला, पत्र्याचं लांबट शेड, कोपऱ्यात भुशाचा ढीग, आणि मधोमध लोखंडी मेजातनं डोकं वर काढून बसलेली लाकूड कापायची दात्यांची चक्री. त्या साली पावसानं तोंड काळं केलं होतं. विहिरी तळाला गेल्या, लग्नं पुढं ढकलली गेली, मग पलंग-कपाटं कोण करून घेतो? पण जिल्हा नवा झाला होता ना! उस्मानाबादेतनं लातूर फुटून निघालं त्याला दोन-सव्वादोन महिने झाले होते, आणि नव्या जिल्ह्याला सगळ्यात आधी काय लागतं? पाणी? छे! टेबलं लागतात. खुर्च्या लागतात. फायली ठेवायला मांडण्या लागतात. गावात हंड्यांची रांग आणि व्यंकटरावकडं सरकारी कामांची रांग. त्यात लाईट दुपारी बारा ते चार. त्या चार तासांत सगळ्यांच्या अंगात वारं शिरायचं, कुणी कुणाला नीट बोलायचं नाही.

कारखान्याचा मोठा मिस्त्री शरणप्पा. कारागीर असला कसबी की नुसत्या नजरेनं सूतभराचा फरक सांगावा. पण उजव्या हाताचं पहिलं बोट मुळापासनं गेलेलं आणि मधलं अर्धं. उरली साडेतीन. त्यामुळं सगळं लातूर त्याला माघारी 'साडेतीन मुहूर्त' म्हणायचं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. उलट तो मिरवायचा. "चक्रीनं परसाद घेतल्याबिगर मिस्त्री हुतच न्हाई," असं म्हणून तो थोटकं नाचवून दाखवायचा. त्या धंद्यात हे खरंच होतं म्हणा. नवा माणूस कामाला आला की मालक त्याचे हात बघायचे, आणि दहाच्या दहा बोटं दिसली की तोंड वाकडं करायचे.

अशा ठिकाणी ग्यानोबा आयटीआय शिकून आला आणि आल्या आल्या त्यानं काय केलं? हातभर लांबीची सागवानी काठी तासली. तिच्या टोकाला खाच पाडली, म्हणजे लाकडाचा शेवट त्या खाचेत बसावा आणि हात लांब ठेवून काठीनंच तो पुढं ढकलावा. मग एका फळीला करवतीनं दाते पाडून कंगवा केला. तो कडेला आवळला की कापायची फळी जागची हलत नाही, आणि उलटी तर येतच नाही. चक्रीवर बसवायला लोखंडी पत्र्याची टोपी केली आणि चक्रीच्या पाठीमागं पोलादी पाचर लावली, कापलेलं लाकूड मिटून पात्याला चावू नये म्हणून.

शरणप्पा पोट धरून हसला. "आरं, काठी कायला? ढोरं राखून राहिलास का लाकडं कापून राहिलास?"

"हात राखून राहिलो, मिस्त्री."

"भागूबाई!" शरणप्पा म्हणाला, आणि आठवडाभर सगळ्यांनी त्याला भागूबाई म्हटलं.

हे हसणं थांबलं श्रावणात. त्या दिवशी ग्यानोबा रजेवर होता. घाईघाईत कुणीतरी कंगवा सोडून ठेवला, पाचर काढली, आणि शरणप्पाच्या हातातली फळी चक्रीनं अशी उलटी भिरकावली की व्यंकटरावच्या पोटापासनं वीतभरावरनं जाऊन ती पत्र्यात घुसली. व्यंकटराव जो खाली बसला तो पाणी पाजल्याशिवाय उठला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं हुकूम काढला, "त्या पोराची टोपी, काठी, जे काय आसंल ते लावल्याबिगर मशीन चालू करायची न्हाई." शरणप्पानं मान डोलावली. टोपी, कंगवा ठीक होतं, पण काठीला मात्र त्यानं कधी हात लावला नाही. काठी हातात घेणं म्हणजे आपण इतकी वर्षं चुकत होतो असं कबूल करणं, आणि ते त्या माणसाच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि मग आली खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचा दिवस. त्या दिवशी हत्यार धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं आणि दसऱ्याच्या आरतीपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा दस्तूर.

व्यंकटरावची आई साखराबाई दरसाल स्वतः पूजा मांडायची. शेडच्या उगवतीच्या कोपऱ्यात पाट, पाटावर लाल कापड, त्यावर रंधे, पटाशा, करवती, हातोडे, नट आवळायचे पाने, सगळं ओळीनं मांडलेलं. चक्रीला कुंकू लावता यावं म्हणून टोपी काढली, पाचर काढली, दोन्ही पाटावर ठेवली. ग्यानोबा दाराशी उभा होता. तो पूजेला हात जोडायचा नाही, आणि त्याला कुणी जोड म्हणायचंही नाही. एवढ्यात साखराबाईनं मान वळवली.

"ग्यानबा, तुजी ती काठी बी दे की. आन त्यो कंगवा. त्यांच्याबिगर माझ्या लेकाचा जीव जात हुता."

काय सांगावं, ग्यानोबाची छाती फुगली. ज्या काठीपायी भागूबाई म्हणवून घेतलं ती आज पाटावर! त्यानं ती खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि दोन्ही हातांनी साखराबाईच्या हातात दिली. तिनं तिला हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचं फूल वाहिलं. घरी जाऊन हे पंचशीलाला कसं सांगायचं, ह्याच विचारात तो होता.

बाराला लाईट आली. आज काम नव्हतं, म्हणून कुणी बटणाकडं बघितलंही नाही. आणि दीड वाजता दारात जीप येऊन थांबली.

कचेरीचा शिपाई घामानं निथळत उतरला. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्या कचेरीत लोकांच्या अर्जाच्या खिडक्यांचं उद्घाटन होतं. पाहुणे मोठे होते. आणि खिडक्यांपुढच्या कठड्याच्या साठ पट्ट्या कुणाच्या तरी हलगर्जीपणानं मागवायच्याच राहिल्या होत्या. चार फुटी, इंचभर रुंद, साठ.

"चारच्या आत पायजेत," शिपाई म्हणाला. "न्हाईतर साहेब माझी नोकरी बी घालवतील आन तुमचं काम बी."

व्यंकटरावनं शरणप्पाकडं बघितलं.

"माझ्याकडं बघू नगा, मालक," शरणप्पा म्हणाला. "खंडेनवमीला हत्यार? माझ्या बापानं न्हाई धरलं, आज्यानं न्हाई धरलं."

व्यंकटराव दोन येरझाऱ्या घालून थांबला. मग त्याची नजर दाराशी गेली आणि त्याचं तोंड उजळलं.

"ग्यानोबा! तुमच्यात हे काय नसतंय ना? तू चालीव की."

आता ह्यात खोटं काहीच नव्हतं. ग्यानोबाच्यात नसतंय. तरी ते वाक्य त्याला कुठंतरी टोचलं. पण काम ते काम. "चालीवतो," तो म्हणाला आणि पाटाकडं वळला. "काठी तेवढी घेतो. आन टोपी बसवायला पाना."

"हां हां हां!" साखराबाई पाटापुढं आडवी झाली. "हात लावू नगस. आरती उद्या हाय."

"माय, काठीबिगर इंचाची पट्टी कशी काढू?"

"चक्री हाय की तितं. चालीव."

"चक्रीची बी पूजा झालीया."

"ती जमिनीत गाडल्याली हाय, तिला कोण उचलणार? सरकारचं काम हाय म्हनून दे सोडून. पाटावरलं न्हाई हलायचं."

"माय, माझीच काठी हाय ती. सकाळी माझ्याच हातानं दिली."

"तवा ती काठी हुती," साखराबाई म्हणाली. "आता देव हाय."

पुढचं ती बोलली नाही. तिनं फक्त पदर सावरला आणि पाय जरा मागं ओढून घेतले. न बोललेलंही ऐकू येतंच की माणसाला. ग्यानोबाची कानशिलं तापली. चार वर्षांपूर्वी नामांतराच्या दंगलीत गावाकडं काय काय जळालं होतं ते त्याच्या डोळ्यांपुढनं गेलं आणि त्यानं जीभ आवळली.

"आरं, शरणप्पानं वीस वर्सं हातानंच काढल्या पट्ट्या," व्यंकटराव म्हणाला. "कर की बाबा. पावनेदोन झाले."

ग्यानोबानं बटण दाबलं. पट्टा फडफडला, चक्री घुमायला लागली, तिच्यावरचं कुंकू एका फेऱ्यात उडून गेलं. ग्यानोबानं पहिली फळी घेतली. चक्री आणि कडेची लोखंडी पट्टी ह्यांच्यात इंचभर जागा. त्या जागेतनं लाकूड जाणार, आणि शेवटाला ते ढकलायचं तर हातही त्याच जागेतनं जाणार. रुंद बाजू कडेला टेकवून उलटं कापता आलं असतं, पण मग दर पट्टीला ती लोखंडी कड सरकवायची तर पाना लागतो. पाना कुठं? देवात.

पहिली पट्टी निघाली. दुसरी निघाली.  शेवटच्या वीतभराला बोटं इतक्या जवळनं जात होती की चक्रीचा वारा नखांना लागत होता. तिसऱ्या पट्टीला त्यानं भुशातनं एक पडीक कामटी उचलली आणि तिनं ढकलून बघितलं. कामटीला खाच नव्हती. ती सटकली, चक्रीनं तिचा घास घेतला आणि टकटक करत तुकडे त्याच्या छातीवर आले. खाच पाडायला करवत लागते. करवत कुठं? ती पण देवात.

"मोजून किती झाल्या?" जीपमधनं शिपाई ओरडला.

"तीन."

"तीनच?"

ग्यानोबाला वाटायला लागलं की सगळं शेड आपल्या डोक्यात घुमतंय. शुक्रवार. डॉक्टर. दहा. हात पुढं करा, म्हणतील. त्याला चीड आली होती आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्हींत जास्त कुठलं ते कळत नव्हतं. चौथी पट्टी घेतली. अर्ध्यावर लाकडात गाठ आली, पट्टी थरथरली, मागं पाचर नव्हती म्हणून ती मिटून पात्याला चावली, आणि हात आपोआप दाबायला पुढं गेला. कट्, असा बारीकसा आवाज झाला.

त्यानं हात झटक्यात मागं घेतला. बघायचं धाडस होईना. मग बघितलं. अंगठ्याच्या नखाची कड गेली होती. फक्त नख. रक्ताचा थेंब नव्हता. त्यानं बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि बटण बंद केलं.

"काय झालं?" व्यंकटराव धावला. "लागलं का? न्हाई ना? मंग बंद कायला केलं?"

 ग्यानोबा चालत कोपऱ्यात गेला. साखराबाईला कळायच्या आत त्यानं वाकून झेंडूचं फूल बाजूला ठेवलं, काठी उचलली, कंगवा उचलला, पाना, टोपी, पाचर सगळं उचललं.

"आगं माय माय माय!" साखराबाई किंचाळली. "बाटीवली रं पूजा! व्यंकट्या, बघून काय राहिलास?"

व्यंकटराव पुढं आला. ग्यानोबा काठी छातीशी धरून उभा राहिला. 

"मालक, मला मारायचं तर मारा. पर आधी सांगा, पट्ट्या पायजेत का न्हाई?"

व्यंकटरावनं आईकडं बघितलं, जीपकडं बघितलं. शिपाई मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होता. व्यंकटराव तोंड फिरवून उभा राहिला. गरज पडली की देवाला बी खुंटीवर टांगतात लोक, बोल मात्र दुसऱ्याला.

ग्यानोबानं पाचर बसवली, टोपी आवळली, कंगवा कडेला घट्ट केला. हळदीनं पिवळी झालेली काठी हातात घेतली आणि बटण दाबलं. पट्ट्या सुरसुर निघायला लागल्या. दहा, वीस, पंचवीस.  साखराबाई पाटापाशी बसून कपाळावर हात मारत होती. शरणप्पा खांबाला टेकून एकटक बघत होता. ग्यानोबाचा डावा हात चक्रीपासनं दीड वीत लांब होता, उजव्यात काठी, आणि काठीच्या खाचेत लाकूड कसं गपचिप पुढं जातं ते शरणप्पा जणू पहिल्यांदा बघत होता.

पावणेचारला साठावी पट्टी निघाली. शिपायानं पट्ट्या जीपमध्ये घातल्या. त्या कुणाच्या हातच्या, कुठल्या काठीनं ढकललेल्या, हे त्यानं विचारलं नाही. साखराबाईनंही त्याला काही सांगितलं नाही.

लाईट गेली. ग्यानोबा काठी, कंगवा घेऊन पाटाकडं निघाला.

"आता कायला आनतूस?" साखराबाई म्हणाली. "घिऊन जा तुज्या घरी. आन परत हिकडं दिसू नगस."

त्यानं व्यंकटरावकडं बघितलं. व्यंकटराव खिळे निवडत होता.

"बरं," ग्यानोबा म्हणाला. पाना तेवढा दाराशी ठेवला आणि काठी, कंगवा काखेत मारून तो बाहेर पडला. शुक्रवारची मेडिकल झाली तर झाली, नाही झाली तर काय खायचं, हे कोडं त्याच्याबरोबर निघालं. चहाच्या टपरीपर्यंत गेला असेल नसेल, मागनं चपलांचा फटफट आवाज आला. शरणप्पा धापा टाकत आला होता.

"ग्यानोबा, थांब गड्या." त्यानं मागं वळून शेडकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती काठी दिऊन जा मला. धोतरात दडवून नेतो. कुनाला कळनार न्हाई."

"तुमाला कायला?"

"लागंल." शरणप्पाचं तोंड एवढंसं झालं होतं. "परवापासनं मलाच ढकलायचंय. डोळ्याला आता पैल्यासारखं दिसत न्हाई रं. आन भ्या वाटतंय. लई दिसांपासनं वाटतंय. सांगू कुनाला?"

 ज्या माणसानं आठवडाभर भागूबाई म्हटलं, तो हे बोलत होता. काठी देऊन टाकावी असं ग्यानोबाच्या हाताला वाटलं. पण काखेतनं ती निघेना.

"देतो, मिस्त्री," तो म्हणाला. "पर दडवून न्हाई. सकाळी बाईनं चारचौघात मागून घितली माझ्याकडनं. आता बी तसंच मागा. तितं, दारात हुबं राहून."

"बाई काय म्हंतील?"

"ते तुमी बघा."

शरणप्पानं टपरीकडं बघितलं. टपरीवरची दोन-चार माणसं चहा थांबवून बघत होती. मग तो वळला आणि शेडच्या दारात जाऊन थांबला. आत साखराबाई पाटावर गोमूत्र शिंपडत होती. व्यंकटरावनं मान वर केली.

"बाई," शरणप्पा मोठ्यानं म्हणाला. त्यानं एक पाय उंबऱ्यावर टेकवला. "बाई, उद्या आरती झाली का परवापासनं मशीन मला चालवायची हाय. मी ग्यानोबाची काठी घेणार. काठीबिगर मी बटन दाबनार न्हाई. ऐकलं का, मालक?"

 साखराबाईचा हात गोमूत्राच्या वाटीवर थबकला.

"ग्यानोबा!" शरणप्पानं दारातनंच हाक मारली, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "आन हिकडं. कशी धरायची ही, दाव मला."

ग्यानोबा परत आला. दारातच, सगळ्यांसमोर, त्यानं काठी शरणप्पाच्या उजव्या हातात दिली. शरणप्पानं साडेतीन बोटांनी ती आवळायला बघितली. काठी फिरली आणि खाली झुकली. पुन्हा धरली, पुन्हा फिरली. पहिलं बोट जिथं टेकायला हवं तिथं बोटच नव्हतं. म्हातारा कावराबावरा होऊन हाताकडं बघायला लागला, आणि इतकी वर्षं मिरवलेली ती थोटकं त्यानं पहिल्यांदाच दुसऱ्या हातानं झाकून घेतली.

"ही माझ्या हाताच्या मापाची हाय, मिस्त्री," ग्यानोबा म्हणाला. त्याचा राग कुठं गेला ते त्याचं त्याला कळलं नाही. "तुमाला दुसरी करावी लागंल. मूठ जाड पायजे, आन अंगठ्याला टेकू."

"मंग कर की."

"मला येऊ नगस म्हनलंय हितं."

शरणप्पानं आत बघितलं. खिळे निवडायचे थांबवून व्यंकटराव बघत होता.

"हितं न्हाई तर माझ्या वसरीवर कर," शरणप्पा म्हणाला आणि आपला थोटा पंजा त्यानं दाराच्या फळीवर उताणा टेकवला. "घे माप."

ग्यानोबानं कानावरची पेन्सिल काढली, फळीवर टेकलेल्या त्या हाताभोवती ती हळूहळू फिरवायला सुरुवात केली.